भोंगा आणि काळी चार

नाटक कंपनीतल्या माणसानं आठवणी लिहायच्या म्हटल्या की लोकांना शालू, दागिने, जेवणावळी आणि संस्थानिकांच्या बक्षिसांच्या गोष्टी हव्या असतात. अशा वाचकांची मी आधीच माफी मागतो. मी ऑर्गनवाला. माझी जागा रंगमंचाच्या पुढे, खालच्या खड्ड्यात. तोंड नटाकडे, पाठ प्रेक्षकांकडे. सतरा वर्षं मी नटांना खालून पाहिलं. प्रेक्षकांना चेहरा दिसायचा, मला गळा. हनुवटीखालची शीर कधी फुगते, पायाचा अंगठा फळीवर कधी रुततो, यावरून पुढचा सूर लागणार की घसरणार हे मला खुद्द नटाच्या आधी कळायचं.

घसरणार असं दिसलं की ऑर्गनवाल्यानं पायानं भाता जोरात मारायचा आणि तो सूर आपल्या अंगावर घ्यायचा. लोकांना वाटायचं, काय गायला. आमच्या धंद्याची निम्मी अब्रू या झाकपाकीवर उभी होती. याच झाकपाकीपायी माझ्या हातून एक चूक झाली आणि एका चांगल्या माणसाचा गळा जायची वेळ आली. ती चूक सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी ते गाणं काय होतं ते सांगतो, कारण आजच्या मुलांना माइकशिवाय वाढदिवससुद्धा साजरा करता येत नाही. पत्र्याचं थिएटर, सोलापूरचा चैत्र, हजारभर माणूस. त्यात सोडावॉटरवाले ओरडतायत, कडेवरची पोरं रडतायत, आणि या सगळ्यांवरून आवाज शेवटच्या बाकापर्यंत नुसत्या दमावर पोचवायचा. नायिकेच्या वाट्याला वीस-बावीस पदं. पद पहिल्यांदा म्हणायचं ते सरळ, शब्द लोकांना कळावेत म्हणून. वन्समोअर पडला की तेच पद पुन्हा. पण या खेपेला ताना, मुरक्या, आपल्या मनाच्या जागा. पहिल्या खेपेला जो सगळा दम उधळून बसला त्याची दुसऱ्या खेपेला फजिती. आणि नायिका म्हणजे कोण, तर लुगडं नेसलेला पुरुष. बायकी उंच पट्टी, वर कंबर बारीक दिसावी म्हणून करकचून आवळलेला कंबरपट्टा.

गळ्याच्या औषधांविषयी तर विचारूच नका. ज्येष्ठमध, खडीसाखर, मिरं, लवंग. दह्याचं नाव काढायचं नाही. आमच्यात राजाची कामं करणारा एकजण पदाआधी वाटीभर गरम तूप प्यायचा. एकदा आचाऱ्यानं घाईत त्याला करडईचं गरम तेल दिलं. तो प्यायला, गायला, दोन वन्समोअर घेतले आणि आत येऊन म्हणाला, "आजचं तूप चांगलं कढवलं होतं." तेव्हापासून गळ्याच्या औषधांवरचा माझा विश्वास उडाला.

आमची नायिका म्हणजे सदूभाऊ. करकंबच्या एका पुजाऱ्याचा मुलगा, अकराव्या वर्षी कंपनीत आला. मी सांगतोय तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. रंगमंचावर त्याचं बोलणं शुद्ध तुपातलं, आणि मेकअप पुसला की पुन्हा करकंब. त्याची पट्टी काळी चार. पट्टी म्हणजे गाणारा आपला 'सा' पेटीच्या ज्या सुरावर धरतो ती. बहुतेक पुरुष काळी एक-दोनवर गातात. काळी चार हा बायकांचा मुलूख. सदूभाऊ तिथं सुखानं नांदायचा. कंपनीच्या बोर्डावर त्याच्या नावाखाली तांबड्या रंगात 'काळी चारमध्ये गाणारे' असं लिहिलेलं असे.

मंगळवारी सोलापूरचा बाजार. बाजाराला आलेल्या खेड्यांतल्या लोकांसाठी आमचा दुपारचा खेळ असायचा. अशाच एका मंगळवारी सदूभाऊनं तिसऱ्या अंकातल्या पदात वरचा 'सा' लावला आणि नेमका मिलचा साडेपाचचा भोंगा झाला. दुसरा कुणी थांबला असता. सदूभाऊनं सूर सोडला नाही. भोंगा संपला आणि सूर शिल्लक राहिला. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मालक धोरणी. पुढच्या मंगळवारपासून त्यांनी दुसऱ्या अंकानंतरची सुट्टी घड्याळाकडे बघून लांबवायला-आखडायला सुरुवात केली, म्हणजे ते पद बरोबर साडेपाचला यावं. मग काय, गावोगावची माणसं बाजार उरकून 'भोंग्याचं गाणं' बघायला येऊ लागली. बघायलाच म्हणतो, कारण त्या अर्ध्या मिनिटात गाणं कुणालाच ऐकू येत नव्हतं. दिसायचा तो फक्त उघडा जबडा आणि फुगलेल्या शिरा. टाळ्या त्यालाच पडायच्या.

दोन हंगाम हे चाललं. तिसऱ्या हंगामात तालमीला वरचा 'सा' लागताना चरा उमटायला लागला. मी भाता मारून झाकायचो. मालकाचे कान मात्र माझ्या भात्याला फसणारे नव्हते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, पावसाळ्यापर्यंत आवाज सुधारला नाही तर नायिका दुसऱ्याला देतो. सदूला दासीची कामं करू देत." हे त्याच्या कानावर गेलंच. कंपनीत भिंतींना कान आणि आचाऱ्याला तोंड असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीआधी तो माझ्याजवळ येऊन बसला.

"मास्तर, खरं सांगा. माजा आवाज फाटतोय का?"

मी म्हटलं, "थोडी पट्टी उतरवू. पांढरी पाच घेऊ. अर्ध्या सुराचा तर फरक. कुणाला कळतंय?"

"मला कळंल की. वरनं मला तुमची बोटं दिसत्यात." मग म्हणाला, "बोर्डावर काळी चार लिवलीया. ती पुसायची म्हंजी मला पुसल्यावानीच हाय."

त्याचं तोंड बघवेना. आणि मग मी ते केलं.

ऑर्गनच्या पोटात पितळेच्या पातळ जिभा असतात. हवा लागली की त्या थरथरतात आणि सूर निघतो. जीभ टोकाशी खरवडली तर सूर चढतो, मुळाशी खरवडली तर उतरतो. कंपनीला चार दिवस सुट्टी होती. भात्याचं कापड फाटलंय असं सांगून मी ऑर्गन खोलला आणि कामाचे सगळे सूर मुळाशी खरवडून अर्ध्या सुरानं खाली आणले. आता बोट पडणार काळी चारवर आणि सूर येणार पांढरी पाचचा. तबलजीला तबला उतरवावा लागला, पण सोलापूरच्या उन्हात कातडं तापून तबला चढतोच, म्हणून त्यानंही नवल केलं नाही. माझ्या या कारागिरीचा मला त्या वेळी केवढा अभिमान वाटला होता हे लिहायला आज लाज वाटते.

सदूभाऊ गायला. सूर लागला. पद संपवून आत जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याचे डोळे भरलेले होते. तीन आठवडे तो पोरासारखा उड्या मारत हिंडला. गळा सुटला म्हणून त्यानं आचाऱ्याला नवा सदरा दिला, देवाला नारळ फोडला, आणि भोंग्यापुढे जास्तच ताणून उभा राहायला लागला. आवाज सुटला आहे म्हटल्यावर राखायचा कशाला? खड्ड्यातून मला दिसत होतं, मानेची शीर पहिल्यापेक्षा जाड झाली होती. मी भाता मारत राहिलो.

आता मडमची गोष्ट. मिलच्या इंजिनियर साहेबाची ही बायको. मिलमध्ये सगळे तिला मडम म्हणत, मीही तेच म्हणतो. तिच्या बंगल्यात पायपेटी होती. वर्षातून दोनदा ती दुरुस्त करायला मी जायचो, कारण सोलापूरच्या उंदरांना विलायती भात्याचं कापड फार आवडतं. मडम मराठी शिकली ती मुलं सांभाळणाऱ्या मंगळवेढ्याकडच्या आयेकडून. त्यामुळे गोरीपान बाई, डोक्यावर हॅट, आणि तोंड उघडलं की शिवारातली म्हातारी.

लग्नाआधी ती तिच्या मुलखात एका म्हाताऱ्या गुरूकडे गाणं शिकली होती. गाणी दोनशे वर्षांपूर्वीच्या ऑपेरांतली. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक. ती रोज अकरा वाजता एकटी गात बसायची. ऐकायला माळी आणि क्वचित मी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या गाण्यात राग सापडेना, पण मेहनत ओळखीची वाटली. पदाचा पहिला भाग सरळ, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. आणि या पुन्हा येण्यात गाणाऱ्यानं आपल्या ताना घालायच्या. एका दमात इतकी लांब तान, की ऐकताना माझाच जीव गुदमरायचा. मी तिला म्हटलं, "हे तर आमचंच झालं. वन्समोअर तेवढा तुम्ही न मागताच देता." ती पोट धरून हसली.

एका मंगळवारी मडम आमच्या खेळाला आली. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं. मला वाटलं, पेटीत उंदीर शिरला असेल.

"बसा हितं, मास्तर," ती म्हणाली. तिच्या हातात पोलादाचा स्वरकाटा होता, दोन दात्यांचा. गुडघ्यावर आपटला की एकच पक्का सूर देणारा. "काल मी तुमच्या मागंच म्होरल्या खुर्चीत हुते. तुमी काळी चार दाबत हुता. सूर मातुर पांढरी पाचचा येत हुता. पेटी कुनी खरवडली?"

सबंध सोलापुरात हे कुणाला कळलं नव्हतं. मी खाली मान घालून म्हटलं, "मी."

"त्येला ठावं हाय?"

"नाही."

मडमनं काटा पेटीवर ठेवला. "गळा दुकला म्हंजी मानूस थांबतो. तुमी त्येचं दुकनंच झाकलं. आता त्यो थांबंल कसा? असंच चाललं तर दिवाळीपातुर त्येला बोलाय बी यायचं न्हाई."

मी उठायला लागलो, तिनं हाताच्या खुणेनं मला पुन्हा बसवलं.

"आनि त्येचं खांदं बघितलं का तुमी? दर श्वासाला वर. ही गानी खांद्यानं गात न्हाईत, कमरंनं गात्यात. त्येच्या कमरंला तर तुमी पट्टा बांदलाय."

इतकी वर्षं मी गळे बघितले, पण खांदे बघायचे कधी सुचलं नव्हतं.

तिथून मी थेट कंपनीच्या बिऱ्हाडी गेलो. सदूभाऊ त्याच्या खोलीत लुगड्यांच्या घड्या घालत बसला होता. मी दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यानं घडी पुरी केली, ट्रंकेत ठेवली, वरून हात फिरवला. मग म्हणाला, "तीन आटवडं मी समद्यास्नी सांगत हिंडलो, गळा सुटला म्हनून. तुमी शेजारी हुबं राहून ऐकत हुता."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात चपला घालूनच उभा राहिला आणि म्हणाला, "त्या मडमकडं न्या मला."

मडमनं मेणबत्ती पेटवली. भर अकराचं ऊन आणि मेणबत्ती, सदूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. ज्योत तोंडासमोर वीतभर धरून तिनं एकच सूर लावला. आधी इतका बारीक, की आमच्या विणकरांच्या मागावरचा एक धागा. तो हळूहळू भरत गेला, खोलीभर झाला, आणि कुठेही न तुटता पुन्हा धाग्याएवढा होऊन संपला. ज्योत हलली नाही. मडमचा आवाज काही मोठा नव्हता, पण खिडकीबाहेर दूरवर माळी खुरपं थांबवून उभा राहिलेला मला दिसला. त्यानंतर तिनं सबंध पद म्हटलं.

"कुनाचं गानं ह्ये?" सदूभाऊनं विचारलं.

"राजाचं. त्येची बायकू हरवलीया."

"राजा बाईच्या गळ्यानं गातो?"

मडमनं सांगितलं की तेव्हा तिकडे पुरुषच असल्या उंच आवाजात राजाची, वीराची कामं करत. त्यांचा आवाज तसा कसा राखत ते तिनं सांगितलं नाही. लहानपणीच पोरांना खच्ची करून, असं पुढे मी कुठेतरी वाचलं तेव्हा दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सदूभाऊ मात्र पहिल्यांदाच हसला. "म्हंजी तितं बाप्या राजा हुऊन बाईच्या गळ्यानं गातो, आनि हितं बाप्या बाई हुऊन. कष्ट त्येच की मास्तर."

पुन्हा 'मास्तर' म्हणाला, म्हणून मला बरं वाटलं.

मग त्याची पाळी. पहिल्याच सुराला ज्योत विझली. दुसऱ्याला विझली. मडमनं त्याच्या खांद्यांवर दोन जाड पुस्तकं ठेवली आणि म्हणाली, "ही पडाय न्हाई पायजेत. बरगड्या खालनं फुगव, म्हशीवानी." सदूभाऊनं असल्या उपमा नायिकेच्या आयुष्यात कधी ऐकल्या नव्हत्या. पण त्या दिवसापासून तो रोज अकराला बंगल्यावर जायला लागला. पहिला आठवडा मडमनं त्याला पदाचा एक शब्द म्हणू दिला नाही, नुसता श्वास. त्याला मालकाकडून पंधरा दिवस रजा मिळवून द्यायला मला खोटं बोलावं लागलं. हे खोटं मात्र मी अजूनही मागे घेणार नाही.

तेवढ्या दिवसांत मी ऑर्गन पुन्हा खोलला आणि सगळे सूर टोकाशी खरवडून खऱ्या जागी आणले. दोनदा खरवडलेल्या पितळेत जीव राहत नाही. तीन जिभा तुटल्या, आणि त्या ऑर्गनचा गोडवा पहिल्यासारखा कधीच झाला नाही. माझ्या चुकीची ती खूण मला रोज ऐकावी लागली.

रजा संपल्यावर सदूभाऊ स्वतः मालकांपुढे उभा राहिला. "मालक, मी पांढरी चारमंदी गानार. कमरंला पट्टा न्हाई बांदनार. बोर्डावरची काळी चार पुसा." पांढरी चार म्हणजे दीड सूर खाली. मालकांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "एक मंगळवार देतो. भोंग्याला टाळी पडली नाही, तर बुधवारपासून दासी." पेंटरनं बोर्ड पुसला, पण तांबडा रंग पुरता गेला नाही; निरखून बघणाऱ्याला अक्षरं दिसत होती.

त्या मंगळवारी थिएटर भरलेलं. मागच्या खुर्चीत मडम. नायिका रंगमंचावर आली तेव्हा पुढच्या बाकावरचा एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "सदूबाई जाड झाली की." मी ऐकलं, त्यानंही ऐकलं असणार. पहिली दोन पदं झाली, टाळ्या बेताच्या. पट्टी उतरल्याचं जाणकारांच्या लक्षात आलं होतं. कुजबुज चालली होती. मी पट्ट्या पुसून पुसून वाजवत होतो.

तिसरा अंक. साडेपाच वाजले. पद सुरू होतं, वरच्या 'सा'कडे जायची ओळ आली आणि भोंगा झाला. सगळं थिएटर पुढे झुकलं. माझा पाय सवयीनं भात्यावर जोर द्यायला गेला.

सदूभाऊ थांबला. तोंड मिटलं. त्यानं माझ्याकडे बघून डाव्या हातानं 'राहू दे' अशी खूण केली, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पदाच्या मध्ये भाता सोडला. तबलाही थांबला. नायिका नवऱ्याची वाट बघत असल्यासारखी उभी राहिली, पदर सावरून, भोंगा ज्या दिशेनं येत होता तिकडे शांतपणे बघत. लोकांना आधी कळेना. कुणी तरी मागून ओरडलं, "काय झालं?" दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. आणि मी खालून बघत होतो: खांदे जागच्या जागी, आणि लुगड्याच्या घडीखाली बरगड्या हळूहळू रुंद होत चाललेल्या.

भोंगा विझला. हजार माणसांत एक पोर रडत नव्हतं. त्या शांततेत त्यानं 'सा' लावला, आधी धाग्याएवढा. मी पट्ट्यांना बोट लावायचं विसरलो. सूर भरत गेला, पत्र्याला लागला, शेवटच्या बाकापर्यंत गेला आणि न तुटता परत आला. मानेवर एक शीर फुगली नव्हती.

टाळी लगेच पडली नाही. मला वाटलं, संपलं, आता दासी. मग मान वळवून बघतो तो मधल्या बाकांवरून एक म्हातारा तेलुगू विणकर उठून उभा राहिला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "परत म्हणा. आज पहिल्यांदा ऐकलं." नंतर काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. वन्समोअर किती पडले ते मोजायची शुद्ध मला नव्हती. मी रडत होतो, आणि पाठ प्रेक्षकांकडे असल्याचा तेवढा एक फायदा मला त्या दिवशी झाला.

बुधवारी बोर्डावर 'काळी चार'च्या जागी मालकांनी नुसतं 'सुस्वर गायन' लिहिलं. बोलपट येऊन कंपनी मोडेपर्यंत सदूभाऊच नायिका राहिला. मडम मायदेशी गेली, जाताना स्वरकाटा मला देऊन गेली. "परत पेटी खरवडू नका," एवढं बजावलं. मी सोलापुरातच पेट्या दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि सदूभाऊनं पलीकडच्या गल्लीत मुलींना गाणं शिकवायचा वर्ग. आता नायिकेची पदं बायकाच म्हणतात, तेच बरं.

गेल्या महिन्यात एका मुलीची पेटी द्यायला मी त्या वर्गात गेलो. तालीम ऐन रंगात होती आणि साडेपाचचा भोंगा झाला. सदूभाऊनं हात वर केला. सगळ्या मुली गप्प झाल्या. त्या वर्गाचा तो नेमच आहे: भोंगा वाजतोय तोवर कुणी गायचं नाही, नुसता श्वास भरायचा. मी दारात पेटी घेऊन उभा राहिलो आणि जन्माची सवय म्हणून त्यांच्या गळ्यांकडे बघायला लागलो. मग आठवलं आणि नजर खाली आणली. अर्धा मिनिट भोंगा वाजला, आणि एकाही पोरीचा खांदा हलला नाही.